‘दोष आढळला नाही’ : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : अधूनमधून उद्भवणाऱ्या वाहनदोषांसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर्सना बंधनकारक नियम करण्याबाबत.

महोदय,

गाडी कायमची बंद पडली तर ती टो करून सर्व्हिस सेंटरला नेता येते. ती तिथेही सुरू होत नाही आणि मग तिचा दोष कुणाला नाकारता येत नाही. पण जी गाडी सकाळी बिनतक्रार सुरू होते, संध्याकाळी सुरू होते आणि मध्येच एखाद्या दुपारी किल्ली फिरवल्यावर ढिम्म राहते, तिच्या मालकाला आपल्या देशात दाद मागायला जागा नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की ती हटकून सुरू होते. जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि ग्राहक खोटा ठरतो. हे पत्र मी त्या शेऱ्याविरुद्ध लिहिते आहे.

मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि ठाण्यात शिकवते. रोजचं जाणं-येणं लोकलनेच. गाडी घेतली ती वडिलांसाठी. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, चालताना काठी लागते. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये त्यांना चढवणं हा धोका आहे, आणि त्यांचे डोळ्यांचे डॉक्टर ठाण्यात आहेत. कल्याण-डोंबिवलीतल्या हजारो घरांत गाडी याच कारणासाठी येते. म्हातारी माणसं, रात्रीबेरात्रीचं दुखणं, बाळंतपण अशा वेळी लोकल उपयोगाची नसते. त्यामुळे किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होईल का, याची खात्री नसेल तर ती गाडी दारात असून नसल्यासारखी असते.

मे महिन्यातल्या एका दुपारी ठाण्यात, नौपाड्यात वडिलांची तपासणी संपली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना उजेड सहन होत नव्हता. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बॉनेटखालून एकच ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. एसी बंद, काचा खाली, ऊन थेट वडिलांच्या तोंडावर. शेवटी नाक्यावरच्या दोन रिक्षावाल्यांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. शीळ फाट्यावरून घरी येईपर्यंत मी ती कुठेही बंद केली नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे. पत्रे लावून अरुंद झालेल्या त्या रस्त्यावर, मागे कंटेनर उभा असताना गाडी पुन्हा उचललीच नाही तर काय, हा विचार तेव्हा डोक्यातून जात नव्हता.

तेव्हा गाडी वॉरंटीत होती. ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. त्या सेंटरचं किंवा कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण माझी मागणी कुणा एकाला शिक्षा व्हावी अशी नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरने सकाळी, थंड इंजिनावर किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. स्कॅनर लावला, त्यात एकही कोड आला नाही. “मॅडम, आमच्याकडे तर एका सेल्फमध्ये सुरू होते.” मग प्रश्न आले : तुम्ही क्लच पूर्ण दाबता ना? गाडी बरेच दिवस उभी असते का? सोसायटीत उंदीर आहेत का? मी सांगत होते की टक् असा आवाज येतो. म्हणजे सेल्फ मारण्याचा हुकूम सेल्फपर्यंत पोहोचतो आहे. क्लचचा स्विच आड आला असता तर तो आवाजच आला नसता. हे वाक्य जॉब कार्डावर लिहून घ्या, असंही मी म्हटलं. कार्डावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढे दोन शब्द लिहिले गेले आणि संध्याकाळी गाडी ‘ओके’ म्हणून परत मिळाली.

असं पुन्हा पुन्हा झालं. बाहेरच्या गॅरेजला दाखवते म्हटलं, तर बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला की वॉरंटी जाईल, असं बजावलं गेलं. मी थांबले. थांबता थांबता वॉरंटी संपली. त्यानंतर मात्र त्याच सेंटरला दोष दिसू लागला. आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ मोटर बदलली, मग किल्लीतल्या इमोबिलायझरवर संशय आला आणि किल्ली नव्याने कोड केली. प्रत्येक वेळी बिल माझ्या नावावर, आणि प्रत्येक वेळी काही दिवसांनी तोच ‘टक्’. पैसे कंपनीने भरायचे होते तोवर दोष सापडत नव्हता. पैसे मी भरायचे ठरल्यावर एकामागून एक तीन दोष सापडले, आणि त्यांपैकी एकही खरा नव्हता.

खरा दोष सापडला कल्याण पश्चिमेला, दुर्गाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा गॅरेजात. तिथल्या वायरिंगच्या कारागिराने गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. बंद पडते तेव्हा इंजिन गरम असतं की थंड? किती वेळ उभी राहिल्यावर? डॅशचे दिवे मंद होतात की तसेच राहतात? धक्क्याने लगेच सुरू होते का? मग म्हणाला, “आत्ता नको. दुपारी तासभर चालवून तापवून आणा.” तशी आणली. त्याने मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे व्होल्टचे जेमतेम काही दशांश दिसायला हवेत. मीटरवर अडीचच्या वर आकडा गेला. त्याने एअर फिल्टरचा डबा बाजूला केला आणि गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची जाड वायर दाखवली. तिच्या टोकाच्या लगवर पांढरट-हिरवा थर चढला होता आणि खालचा बोल्ट बोटांनी हलत होता. त्याने पॉलिश पेपरने लग घासला, बसायची जागा घासली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं, आकडा दशांशावर आला. त्यानंतर तो ‘टक्’ ऐकू आलेला नाही.

त्याच्या हातात जादू नव्हती, सरळ हिशोब होता. इंजिन फिरवताना सेल्फ मोटर शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढते. हा सगळा करंट इंजिन आणि बॉडीतून अर्थिंगच्या वायरने बॅटरीकडे परत येतो. त्या वाटेत ओहमच्या पन्नासाव्या भागाएवढा अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरी साडेबारा व्होल्टची असून सेल्फच्या वाट्याला पुरेसे येत नाहीत. इंजिन तापल्यावर सैल जोड आणखी सैल होतो, आधीच तापलेली मोटर जड जाते, म्हणून बिघाड दुपारी दिसतो आणि सकाळी दिसत नाही. दिवे, रेडिओ, इंजेक्शनचा कंप्युटर यांना अगदी थोडा करंट लागतो. त्यामुळे ते व्यवस्थित चालतात आणि धक्क्याने गाडी लगेच सुरू होते. स्कॅनर प्रामुख्याने सेन्सर आणि कंप्युटरने नोंदवलेल्या चुका वाचतो. अर्थिंगच्या या जोडावर सहसा कुठलाही सेन्सर नसतो. म्हणून स्कॅनर काहीच दाखवत नाही, याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या रस्त्यांवरून चालणाऱ्या गाडीचं अर्थिंग ही पहिली तपासायची गोष्ट आहे. त्याला पाच मिनिटं लागतात आणि एक मल्टिमीटर.

मग लखलखीत वर्कशॉप, कंपनीने शिकवलेले तंत्रज्ञ आणि महागडी यंत्रं असलेल्या ठिकाणी ही पाच मिनिटं का मिळत नाहीत? तंत्रज्ञ नालायक आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना शोधायला वेळच दिला जात नाही. सर्व्हिसच्या बिलात भागाची किंमत असते आणि तो भाग बसवण्याची ठरलेली मजुरी असते. तासभर विचार करून, गाडी तापवून, मोजमाप करून काढलेल्या निदानाला त्या बिलात रकाना नसतो. वॉरंटीच्या काळात तर डीलरला स्वतःचे पैसे कंपनीकडून मिळवायचे असतात, आणि त्यासाठी कोड किंवा निकामी झालेला भाग दाखवावा लागतो. दोन्ही हातात नसले की ‘दोष आढळला नाही’ लिहिणं डीलरला सर्वांत स्वस्त पडतं. घराची गळती मे महिन्यात भिंतीला हात लावून तपासली आणि कोरडी आहे म्हणून बिल्डर निघून गेला, तर आपण ते मान्य करणार नाही. पाऊस पडत असताना या, असंच म्हणू. गाडीच्या बाबतीत मात्र आपण ते मान्य करत आलो आहोत.

महोदय, कायदा नाही अशी माझी तक्रार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे डोंबिवलीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. पण कलम ३८ पाहा. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायची, प्रयोगशाळेने साधारण ४५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तिची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते. भेसळीच्या तेलाला हे ठीक आहे. तेल बाटलीत आहे तोवर भेसळही बाटलीत असते. अधूनमधून येणारा बिघाड मात्र प्रयोगशाळेच्या टेबलावर हजर होईलच असं नाही. तिथेही गाडी सुरू झाली की ग्राहक दुसऱ्यांदा खोटा पडतो, आणि या वेळी सरकारी शिक्क्यासह.

न्यायालयांचे निकालही सामान्य ग्राहकाला फार पुढे नेत नाहीत. क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने गाडी बदलून द्यायला सांगितलं होतं. त्याच प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती आहे. बरं, पण भाग कुठला, हेच ज्या बिघाडात सापडत नाही तिथे काय? गोव्याच्या एका ग्राहकाला २०११ साली नवी म्हणून विकलेली गाडी २००९ ची निघाली. ते प्रकरण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा, डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती किंवा तिचा सहभाग दाखवता येत नसेल तर त्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असा निकाल लागला. डीलर आणि कंपनी यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा असतो, असं कंपन्या सांगतात. शोरूमच्या पाटीवर मात्र कंपनीचंच नाव मोठ्या अक्षरांत असतं. ग्राहक त्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजतो आणि बिघाड आला की दोघांच्या मध्ये उभा राहतो.

बाहेरच्या कारागिराकडे जाण्याची भीती का घातली जाते, तेही नवं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याबद्दल तो दंड होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली आणि प्रकरण न्यायालयांत अडकत गेलं. इतक्या वर्षांनंतरही काउंटरवर मला तीच अट तोंडी ऐकवली गेली.

आपल्याच खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिने निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. हे पाऊल चांगलं होतं आणि त्याबद्दल मी खात्याची आभारी आहे. पण पोर्टलवर माहिती द्या असं कंपन्यांना सांगणं वेगळं आणि काउंटरवरच्या वागणुकीला नियम घालणं वेगळं. ते काम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण करू शकतं. अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार प्राधिकरणाला कायद्याच्या कलम १८ नेच दिला आहे. हॉटेलांच्या सेवा शुल्काबद्दल २०२२ मध्ये, ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या मांडणीबद्दल २०२३ मध्ये आणि कोचिंग क्लासच्या जाहिरातींबद्दल २०२४ मध्ये प्राधिकरणाने तो वापरलाही आहे. वाहनांच्या दुरुस्तीसाठी तो वापरावा, ही माझी विनंती आहे. त्या तत्त्वांत पुढच्या गोष्टी असाव्यात :

१. जॉब कार्डावर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, त्याला कळणाऱ्या भाषेत लिहिली जावी. बिघाड केव्हा होतो, इंजिन गरम की थंड, कसला आवाज येतो, कुठले दिवे लागतात, हे रकाने छापील असावेत. माझ्या ‘टक्’ला त्यात जागा असती, तर तो वाचणाऱ्या पहिल्याच जाणत्या माणसाने अर्थिंग तपासलं असतं.

२. ‘दोष आढळला नाही’ असा नुसता शेरा चालू नये. कोणती तपासणी केली, कुठल्या परिस्थितीत, मीटरवर काय आकडे आले, हे लिहून द्यावं. तक्रार गरम इंजिनाची असताना तपासणी थंड इंजिनावर केली असेल, तर ती तपासणी धरली जाऊ नये.

३. वॉरंटीत नोंदलेली तक्रार सुटेपर्यंत त्या दोषापुरती वॉरंटीची मुदत संपू नये. कंपनीच्या दिरंगाईचा फायदा कंपनीलाच मिळणं अन्यायाचं आहे.

४. अंदाजाने भाग बदलला आणि बिघाड तसाच राहिला, तर त्या भागाचे आणि मजुरीचे पैसे परत मिळावेत. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा.

५. तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी ठरावीक दिवस वर्कशॉपमध्ये अडकली, तर दोष आहे असं कायद्याने गृहीत धरावं आणि तो नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकावा. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, तर ती करावी. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली असा कायदा केला आणि पुढे बाकीच्या राज्यांनीही केले. नव्या गाडीतला तोच दोष चार प्रयत्नांनंतरही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत पडली, की ग्राहकाला गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. ‘अधूनमधून येणारा दोष’ ही सबब तिथे या आकड्यांपुढे टिकत नाही.

६. वायरिंगचे नकाशे, तपासणीची पुस्तकं आणि कोड वाचण्याची साधनं वाजवी किमतीत स्वतंत्र गॅरेजना मिळावीत. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली यासाठी कौल दिला. युरोपीय संघाने २००७ च्या नियमानेच कंपन्यांवर हे बंधन घातलं. कल्याणच्या त्या कारागिराने माझ्या गाडीचा दोष नकाशाशिवाय, अनुभवावर शोधला. हातात नकाशा असता तर त्याला किती सोपं गेलं असतं आणि त्याच्यासारख्या किती जणांचा धंदा उभा राहिला असता, याचाही आपण विचार करावा. वाहनं जास्तीत जास्त कंप्युटरवर चालू लागली आहेत. ही माहिती बंदच राहिली, तर पुढच्या दहा वर्षांत असे कारागीर उरणार नाहीत आणि ग्राहकाला त्या एकाच काउंटरवर उभं राहावं लागेल.

या मागण्यांमुळे डीलरांचं नुकसान होईल असं मला वाटत नाही. निदानाच्या वेळेचे पैसे त्यांनी उघडपणे लावावेत. दोष नक्की सांगणार असतील तर ते मी आनंदाने भरेन. बॅटरी, मोटर आणि किल्ली यांच्यावर जे पैसे गेले, त्याच्या अगदी लहान हिश्शात अर्थिंगची तपासणी झाली असती. प्रामाणिक डीलरला आज त्याच्या प्रामाणिकपणाचे पैसे मिळत नाहीत, आणि या नियमांनी ते मिळतील.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करते आहे. ग्राहकाने एकटं पडू नये, हे त्या पिढीने आम्हाला शिकवलं. म्हणूनच गाडी दुरुस्त झाल्यावरही मी हे पत्र लिहिते आहे. माझी गाडी आता नीट सुरू होते. पण कल्याण-शीळ रस्त्यावर, मुंब्रा बायपासला, घोडबंदरला कुणाची तरी गाडी आजही उचलत नसेल आणि त्या माणसाच्या हातातही ‘ओके’ लिहिलेलं जॉब कार्ड असेल. त्याला मला भेटला तसा कारागीर भेटेलच असं नाही. नशिबावर सोडण्याची ही गोष्ट नव्हे.

१९८६ च्या मूळ ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. येत्या ग्राहक दिनापर्यंत वाहन दुरुस्तीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा सूचना-हरकतींसाठी जाहीर करावा, ही विनंती. मसुदा निघाल्यावर माझी सगळी जॉब कार्डं, बिलं आणि तपासणीचे आकडे मी खात्याकडे पाठवीन. ज्यांच्या गाडीने असा त्रास दिला आहे त्या ठाणे जिल्ह्यातल्या सर्वांनी आपापली कागदपत्रं जपून ठेवावीत आणि तेव्हा पाठवावीत, असं आवाहनही मी याच पत्रातून करते.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व), जिल्हा ठाणे